सातव्या फांदीआधीचे सहा आकडे

पुण्यात जुने बंगले पाडून इमारती उभ्या राहिल्या अशा एका गल्लीतलं हे प्रकरण. झाड वर्षावृक्षाचं, विलायती शिरीष म्हणतात ते. छातीच्या उंचीवर घेर ३.४ मीटर, उंची सतरा मीटरच्या आसपास. जमिनीपासून साडेचार मीटरवर बेचकं फुटून दोन खोडं झालेली. एक सरळ वर गेलेलं, दुसरं शेजारच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर ओणवलेलं. एप्रिलमधल्या वादळी पावसात त्या बेचक्यात तडा गेला. पहिल्या दिवशी त्यात नखही शिरत नव्हतं, आठवड्याने करंगळी जायला लागली. तडा खाली बुंध्यातही हातभर उतरला होता. झाड राखायचं की काढायचं हा वाद तिथेच संपला.

परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लागते, १९७५च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली. २०२१च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं, म्हणून वयाचीही चौकशी झाली. इमारतीतल्या सगळ्यात जुन्या रहिवाशांनी ते झाड आपल्यासमोर लावलेलं पाहिलं होतं, चाळिशीच्या आतलं निघालं. परवानगी मिळाली आणि काम आमच्याकडे आलं.

एरवी अशा फांद्या आम्ही दोराने उतरवतो. वरच्या मजबूत भागात कप्पी बांधायची, फांदी तोडायची, खालचा माणूस बुंध्याला वेढे दिलेला दोर हळूहळू सोडतो. इथे ते जमणारं नव्हतं. दोराने झेललेली प्रत्येक फांदी झाडाला एक हिसका देते आणि हे झाड हिसका खाण्याच्या अवस्थेत नव्हतं. म्हणून क्रेन. चढणारा माणूस सरळ, शाबूत खोडाला बांधून घेणार, ओणवलेल्या खोडाचे तुकडे क्रेन उचलून नेणार.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी आमच्या आधीच नाक्यावरची चौदा टनी हायड्रा, म्हणजे माल उचलून चाकांवर नेणारी छोटी क्रेन, सांगून ठेवली होती. भाडं निम्म्याहून कमी. ती परत पाठवताना बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण हायड्राचे चौदा टन म्हणजे बूम (क्रेनचा लांब होणारा हात) आत घेतलेला आणि वजन अगदी पुढ्यात असताना. बूम पूर्ण काढून दूरचं उचलायला गेलं की त्या चौदातला एखादा टन उरला तरी खूप. त्यात तिला पाय नाहीत, उभी राहते ती टायरवर. स्टिअरिंग वळवलं की पुढचा सगळा भाग बूमसकट वळतो आणि टांगलेलं वजन बाजूला झोकांडी खातं. लोखंडी पाइप ट्रकमधून उतरवायला ती उत्तम. गच्चीवरच्या फांदीला नाही. आम्ही चाळीस टनी, चार पाय रोवून उभी राहणारी ट्रक क्रेन मागवली.

ती उभी करतानाच पहिला घोळ झाला. ठरलेल्या जागी पाय टाकायला सुरुवात झाली तेव्हा तळमजल्यावरचे आजोबा खिडकीतून म्हणाले, “तिथं सेप्टिक टँक आहे हो, ड्रेनेज यायच्या आधीचा.” सेक्रेटरींना माहीत नव्हतं, सोसायटीच्या नकाशात नव्हता. फरशी मात्र सगळीकडे सारखीच. क्रेनचा पाय टाकीच्या स्लॅबवर पडला असता तर ही कहाणी सातव्या फांदीपर्यंत पोचलीच नसती. क्रेन अडीच मीटर मागे घेतली, पायांखाली लाकडी स्लीपर आडवे-उभे रचले. त्यामुळे गच्चीवरच्या भागापर्यंतचं अंतर साडेतेरावरून सोळा मीटर झालं. किती अंतरावर किती वजन पेलतं ते सांगणाऱ्या या क्रेनच्या तक्त्यात सोळा मीटरवर ३.६ टन होते. त्यातून हूक ब्लॉक, शॅकल आणि बेल्ट यांचे साडेतीनशे किलो वजा करायचे, उरले सव्वातीन टन.

हा सव्वातीन टनाचा आकडा ऐकून आम्ही सगळेच निर्धास्त झालो. माझ्या मते घोळाचं मूळ तिथे आहे.

सकाळची बैठक

गल्ली दोन्हीकडून बंद. वरच्या दोन मजल्यांवरची माणसं खाली. महावितरणकडून दहा ते दोन वीज बंद करून घेतलेली. लाइनमनने तारा तपासून अर्थिंग केलं होतं आणि सोसायटीचा जनरेटरही बंद ठेवला होता, कारण बंद लाइनमध्ये एखाद्या इमारतीचा जनरेटर उलटा करंट सोडतो तेव्हा तार मेलेली दिसते पण असते जिवंत. पट्टे नवे होते. क्रेनचं वार्षिक तपासणीचं प्रमाणपत्र मी स्वतः पाहिलं होतं. कागदावर त्या दिवशीच्या कामात काढण्यासारखी खोट नव्हती.

साडेनऊला झाडाखाली सगळ्यांना जमवून बोललो. मी, आमचे मुकादम नाना, चढणारा दादा, खाली खुणा करणारा रिगर आणि चार पोरं. नाना कोणती फांदी कुठून तोडायची ते सांगत होते, दादा मान हलवत होता. सगळं मराठीत चाललं होतं. क्रेनचा ऑपरेटर झारखंडचा, पन्नाशीचा. तो दहा पावलांवर केबिनच्या पायरीवर चहा पीत उभा होता. त्याला कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

हे मुद्दाम नोंदवतोय. क्रेन आम्ही शिफ्टवर घेतो, आठ तासांचं भाडं, येणं-जाणं धरून. ऑपरेटर त्या भाड्यातच आलेला असतो. त्यामुळे तो आपल्या टोळीतला माणूस आहे हे डोक्यात बसत नाही, यंत्राबरोबर आलेला यंत्राचाच भाग वाटतो.

एक गोष्ट मात्र ठरली होती. खुणा फक्त रिगर करणार. आमच्याकडच्या क्रेनकामात जुने खलाशी शब्द अजून चालतात, ‘हाफिज’ म्हणजे वर घे, ‘आरिया’ म्हणजे खाली सोड. रिगर आणि ऑपरेटर दोघांनाही ते येत होते. दादाला येत नव्हते. तो रायगडचा, नारळ-पोफळीवर चढण्यात लहानपण गेलेला. त्याच्याकडे वॉकी-टॉकी होता आणि त्याच वाहिनीवर ऑपरेटरही होता.

पहिले सहा, आणि सातवी

पद्धत अशी. दादा फांदीला पट्टा आवळतो, हूक लागतो, बूमचं टोक बरोबर फांदीच्या तोलाच्या वर आणतात. मग ऑपरेटर फांदीच्या वजनाइतका ताण देतो. ताण बरोबर असला तर करवत आरपार गेल्यावर फांदी जागच्या जागी तरंगते. ताण जास्त झाला तर काप पुरा व्हायच्या आधीच लाकूड फाटून फांदी वर उसळते. कमी पडला तर सुटताच खाली बसते आणि बूमला हिसका देते. म्हणजे सगळी गंमत त्या एका अंदाजात आहे: फांदीचं वजन किती?

अंदाज नाना करत. त्यांची हयात लाकडाच्या वखारीत गेलेली. फांदीकडे बघून घेर-लांबी सांगतात आणि तोंडी घनफूट काढतात. आजवर त्यात कुणी खोट काढलेली नाही.

पहिले सहा तुकडे शेंड्याकडचे, उभे, छोटे. नानांनी सांगितलं १२० किलो, १५०, २००, असे करत सहावा ३००. प्रत्येक तुकडा सुटताना वीतभर खाली बसला आणि मग वर गेला. बघणाऱ्यांना वाटलं असंच असतं. मलाही वाटलं.

सातवी फांदी गच्चीवर आडवी गेलेली. कापाच्या जागेपासून पुढे सरासरी घेर १.४ मीटर, जाड भाग पाच मीटर लांब, त्यापुढे पसरलेला पाला. रात्री वळीव पडला होता, पाला ओला होता. नानांनी हिशेब सांगितला: साडेएकवीस घनफूट, चारशे किलो धरा. दादाने पट्टा जाड भागाच्या मध्यावर आवळला. ऑपरेटरने चारशेचा ताण दिला. वेळ बारा चाळीस. दोन वाजता वीज परत येणार होती, म्हणून सगळ्यांच्या हातात घाई होती.

करवत पार झाली आणि फांदी हातभर खाली बसली. बूम वाकला. बूम वाकतो तेव्हा त्याचं टोक खाली येतं आणि थोडं पुढेही जातं, त्यामुळे फांदी इमारतीकडे झुलली. तोल पट्ट्याच्या जागी नव्हताच, तो पुढे पाल्याकडे होता. पुढचं टोक गच्चीवर झुकलं आणि सोलर हीटरच्या काचनळ्या फोडून कठड्यावर टेकलं. मागचं बुंध्याकडचं टोक तेवढंच वर उडालं. दादा त्याच्या बाजूला, सरळ खोडाला पाठ लावून होता. ते टोक त्याच्या हेल्मेटची कड घासून गेलं आणि हातातली करवत घेऊन गेलं. करवत दोरीला लोंबकळत राहिली.

खालून रिगर ओरडला, “आरिया! आरिया!” फांदी गच्चीवर टेकली होती, त्याच्या जागेवरून तेच बरोबर दिसत होतं. त्याच क्षणी वॉकी-टॉकीवर दादा: “वर घे! वर घे!” त्याच्या डोक्यावर ओंडका होता, त्याचंही बरोबर होतं.

ऑपरेटरने दोन्ही लिव्हर सोडले आणि हात वर केले. केबिनच्या काचेतून त्याचे दोन्ही पंजे दिसत होते. फांदी दोन-तीनदा डुलली, पाला कठड्यावर घासला, आणि थांबली. खाली सोडली असती तर वर उडालेलं मागचं टोक खाली दादाच्या अंगावर आलं असतं. वर घेतली असती तर कठड्यावरून सुटून गच्चीभर फिरली असती.

दादा उतरेपर्यंत कुणी बोललं नाही. त्याच्या कानाजवळ हेल्मेटवर हिरवट ओरखडा होता. तो बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “करवत बघा, चेन तुटली असंल.”

पायरीवरचा हिशेब

काम थांबवलं. सेक्रेटरी वीज-वीज करत होते, त्यांना वर पाठवलं. मग मी ऑपरेटरकडे गेलो. कदाचित त्याने ताण कमी दिला असेल अशी शंका मनात होती, हे कबूल करतो.

मी विचारलं, “उस्ताद, आप रुके क्यों?”

“दो आवाज आया। दो आवाज आता है तो मैं हाथ छोड़ देता हूँ।”

मग त्याने केबिनमधला भारदर्शक दाखवला. पडद्यावर अजून आकडा होता: १.१५ टन. चारशे किलोची फांदी साडेअकराशे किलोची निघाली होती. मी म्हटलं, हा कसला अंदाज. तो शांतपणे म्हणाला, “सुबह से डबल चल रहा है।” पहिल्या तुकड्याला १२० सांगितलं, पडद्यावर पाव टन. तिसऱ्याला २००, आकडा ०.४५. सहाव्याला ३००, आकडा ०.७. त्याने क्रेनवरच्या हेल्परला सांगितलंही होतं. हेल्परला वाटलं, त्यांचं काम त्यांना कळतं.

त्या अंगणात एकच वजनकाटा होता आणि तो त्याच्या डोळ्यांसमोर होता. सहा वेळा काट्याने सांगितलं की आपला हिशेब निम्म्यावर चाललाय. सहाही वेळा ती बातमी काचेच्या आतच राहिली, कारण तिला बाहेर यायला दारच ठेवलेलं नव्हतं.

नानांचा हिशेब चुकला कुठे हे तिथेच पायरीवर बसून काढलं. वखारीत घनफूट काढतात ते पाव घेराने: घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चौकोनी लाकूड काढताना भुसा आणि छिलके वाया जातात, ते आधीच वजा करणारी ही जुनी व्यापारी रीत आहे. ओंडक्याचं खरं घनफळ त्यापेक्षा सव्वापट भरतं. सातव्या फांदीचा जाड भाग साडेएकवीस नव्हे, साडेसत्तावीस घनफुटांचा होता. दुसरं असं, की नाना घनफुटाला अठरा किलो धरत होते. वखारीत तेच बरोबर, तिथे लाकूड वाळलेलं असतं. उभ्या झाडाचं लाकूड पाण्याने भरलेलं असतं, त्याला सुरक्षित बाजूने पाण्याइतकंच वजन धरावं, म्हणजे घनफुटाला अठ्ठावीस किलो. साडेसत्तावीस गुणिले अठ्ठावीस, ७७० किलो. उरलेले पावणेचारशे किलो म्हणजे ओला पाला आणि बारीक डहाळ्या, ज्यांना वखारीत कुणी मोजतच नाही.

नानांचं गणित चुकलेलं नव्हतं. ते विकायच्या लाकडाचं होतं, टांगायच्या लाकडाचं नव्हतं.

आणि यात आणखी एक मेख आहे. साडेअकराशे किलो क्रेनच्या ताकदीच्या जवळपासही नव्हते, सव्वातीन टनांचा तिसरा हिस्सा. पट्टा पिवळा, तीन टनी, आवळून बांधल्यावर ऐंशी टक्के धरले तरी २.४ टनांचा. कुठलंच साधन मर्यादेबाहेर गेलं नाही, म्हणून कुठलाच भोंगा वाजला नाही. मोठी क्रेन आणली की चुकीचा अंदाज पचून जातो आणि लक्षात येत नाही. उभे शेंडे होते तोवर तो वीतभर बसण्यात पचला. आडव्या फांदीला पचला नाही.

त्या दिवशी पुढे एकच फांदी काढली, ती गच्चीवर टेकलेली. तेवढ्यासाठी लाइनमनला सांगून वीज आणखी तासभर बंद ठेवून घेतली. बाकीचं काम दुसऱ्या दिवसावर ढकललं. नळ्यांचे पैसे आम्ही भरले. दुसऱ्या दिवसाचं क्रेनचं भाडंही आमच्याच खिशातून गेलं.

दुसरा दिवस

काम सातला सुरू केलं, कारण वळवाच्या दिवसांत वारा दुपारनंतर उठतो. वीज बंद करायची वेळ तशीच मागून घेतली. बैठक मोडक्यातोडक्या हिंदीत झाली आणि ऑपरेटर मधोमध. खोक्याचा एक पुठ्ठा फाडून नानांनी दोन रकाने आखले, एकात आपला अंदाज, दुसऱ्यात पडद्यावरचा आकडा. दर तुकड्यानंतर ऑपरेटर आकडा वॉकी-टॉकीवर सांगणार, नाना लिहिणार, आणि दोन्हींत पाव हिस्सा फरक पडला तर पुढची फांदी तोडायची नाही.

हिशेबही बदलला. घेर मीटरमध्ये, त्याचा वर्ग गुणिले ऐंशी, म्हणजे दर मीटर लांबीचे किलो. नानांना हे दहा मिनिटांत तोंडपाठ झालं. पाल्यासकट तुकडा असेल तर वर निम्मं. पहिल्या तुकड्याला ५२० सांगितलं, पडद्यावर ०.५५. रिगरने अंगठा दाखवला.

दादाच्या कामात दोन बदल झाले. आडव्या फांदीचा पाला आधी छोट्या तुकड्यांत काढायचा, म्हणजे तोल लाकडात येतो आणि बघून कळतो. दुसरा त्याने स्वतः सुचवला. आडवी फांदी आरपार कापायचीच नाही. वरून एक काप आणि खालून एक काप, दोन्ही मध्याच्या थोडे पलीकडे जाणारे पण एकमेकांपासून चार बोटं सरकवलेले. मध्ये लाकडाचा पदर राहतो. मग करवत बंद करून खोडाच्या पलीकडे जायचं, रिगरला सांगायचं, आणि पदर क्रेनने मोडायचा. फांदी सुटते तेव्हा माणूस तिच्या पोचेत नसतो. दुसरीकडे ही रीत चालते हे त्याला माहीत होतं, आमच्याकडे वेळ जातो म्हणून कुणी करत नव्हतं.

‘थांब’ मात्र आता कुणीही म्हणू शकत होता, चहावाल्या पोरानेही. ‘वर’ आणि ‘खाली’ फक्त रिगर. वॉकी-टॉकीवर रिगर हलवायला सांगताना बोलत राहणार, आवाज तुटला तर ऑपरेटर थांबणार. दादा तेवढ्यात हाफिज-आरिया शिकला आणि दिवसभर उगाचच ओरडण्याची हौस भागवत होता. शेवटी नानांनी दटावलं.

दुपारी बाराला ओणवलेलं खोड संपलं, तीनला सरळ खोड. राहिला बुंधा, साडेचार मीटरचा. क्रेनपासून बारा मीटरवर, तक्त्यात साडेपाच टन. सकाळीच ठरलं होतं की तक्त्याच्या सत्तर टक्क्यांवर जायचं नाही, म्हणजे ३.८५, हूक-पट्टे वजा जाऊन साडेतीन. नानांनी पुठ्ठ्यावर हिशेब मांडला: घेर ३.४, जमिनीपासून अर्धा मीटर सोडून चार मीटर, ३,७०० किलो. दोनशेच जास्त. चार वाजत आले होते, शिफ्ट उलटून गेली होती, आणि एका दमात उचलला तर आजच गल्ली मोकळी होणार होती. नाना माझ्याकडे बघत होते. मी ऑपरेटरकडे बघितलं.

तो केबिनमधून उतरून बुंध्यापाशी आला. खाली, जिथे मुळं फुगून बाहेर येतात, तिथे त्याने हात फिरवला. “इधर का घेरा नापा?”

नापला नव्हता. टेप छातीच्या उंचीवर लागली होती.

“दो टुकड़ा करो,” तो म्हणाला, आणि परत वर जाऊन बसला.

तडा गेलेल्या वरच्या अर्ध्याला दोन रॅचेट पट्टे आवळले, म्हणजे उचलताना तो उभा चिरला जाऊ नये. दादाने मध्यावर काप घेतला, पाचर ठोकत ठोकत. त्याला पाऊण तास लागला. नानांनी पुठ्ठ्यावर लिहिलं तसे वरच्या ओंडक्याचे १.७ टन भरले. खालच्याचे २.५.